बेडकी आणि मागची खोली

आमच्या घरी मोटारगाडी होती आणि आम्ही सगळीकडे पायी जायचो. हे कोणाला सांगायला लागले की ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, "म्हणजे काय?" म्हणजे काय ते मलाही आजवर धड सांगता आलेलं नाही. बरं, गाडी साधीसुधी नव्हे. स्पोर्ट्‌स कार. दोनच माणसांची, वरून उघडी, गडद हिरवी, आणि इतकी बसकी की आत बसलेल्या माणसाला रस्त्यावरच्या माणसाचे गुडघे दिसावेत. पुढचे दोन दिवे डोळे वटारल्यासारखे वर आलेले. गिरगावातल्या आमच्या वाडीने तिचं नाव 'बेडकी' ठेवलं होतं. आईसुद्धा बेडकीच म्हणायची, फक्त अण्णांसमोर नाही. अण्णा म्हणजे माझे वडील. ते तिला 'छोट्या शेठची गाडी' म्हणायचे, दर वेळी, पूर्ण. "छोट्या शेठच्या गाडीवरची मांजर हाकल," असं एवढं लांबलचक म्हणेपर्यंत मांजर झोप काढून निघून गेलेली असे.

वाडी एका गुजराती शेठ कुटुंबाची होती. ते राहायचे वाळकेश्वरला, आणि अण्णा त्यांच्याकडे ड्रायव्हर. दिवसभर ते शेठाणीबाईंची मोठी काळी गाडी चालवायचे. बेडकी होती त्यांच्या मुलाची, किशोरभाईंची. आधीच्या गोऱ्या मालकानेही तिला फारसं चालवलं नव्हतं. किशोरभाईंनी एक हिवाळा चालवली आणि ते शिकायला विलायतेला गेले. मुलगा नाही आणि गाडी दारात, हे शेठाणीबाईंना बघवेना. म्हणून ती आमच्या वाडीच्या तोंडाशी असलेल्या गॅरेजात आली. गॅरेजच्या पाठीमागे एक खोली होती. शेठाणीबाई अण्णांना म्हणाल्या, "किशोर येईपर्यंत गाडी सांभाळ, परब. चालू हालतीत पाहिजे. गाडी आहे तोवर मागची खोली तुझी." असे आम्ही गिरगावकर झालो.

त्याआधी आई लग्न झाल्यापासून लालबागला माझ्या मामांच्या खोलीत राहत होती. दोन कुटुंबं, एक चूल, एक मोरी. मामी वाईट नव्हती हो, पण दुसरीच्या चुलीवर किती वर्षं भाकऱ्या थापायच्या? इथे तिला स्वतःचं दार मिळालं. ते दार उघडलं की समोर बेडकीची पाठ, हे खरं. पण दार तिचं. खोलीला पेट्रोलचा वास होता. सकाळच्या उकड्या तांदळाच्या पेजेला यायचा, वाळत टाकलेल्या कपड्यांना यायचा, माझ्या शाळेच्या पुस्तकांना यायचा. बांगडा तळला की तेवढा वेळ पेट्रोल हरायचं. पहिल्या वर्षी आईने नाकाला पदर लावून दिवस काढले आणि दुसऱ्या वर्षी लालबागला मामांकडे राहायला गेलो तेव्हा म्हणाली, "हयसर कसलो तरी वास येता." कसला वास येत होता? काही नाही, पेट्रोलचा येत नव्हता. मला इतकं हसू आलं, आणि आई रागावली.

आता अण्णा गाडी कशी सांभाळायचे ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं. आम्ही कुडाळकडचे. आमच्याकडे गावात निम्मी घरं बंद असतात. भावबंद मुंबईला गेलेले. किल्ली शेजारच्याकडे. त्याने रोज तिन्हीसांजेला कुलूप उघडून देवाकडे दिवा लावायचा, केर काढायचा, वाळवी बघायची. पण त्यांच्या झोपाळ्यावर बसायचं नाही, त्यांच्या विहिरीचं पाणी आपल्या घरी न्यायचं नाही, त्यांच्या कलमाचा आंबा खाली पडला तरी आपल्या पोराला द्यायचा नाही. माझ्या आजोबांकडे अशा तीन घरांच्या किल्ल्या होत्या म्हणे, आणि गावात त्यांना मान होता तो तेवढ्याचाच. अण्णांनी बेडकीला तोच कायदा लावला. गाडी दुसऱ्याची. पुसायची, झाकायची, दिवाबत्ती करायची, पण तिच्यात बसून कुठे जायचं नाही. आईची जुनी लुगडी जोडून तिच्यावर झाकण केलं होतं. उंदीर-झुरळांसाठी गाद्यांखाली कडुनिंबाचा पाला. आणि दर शनिवारी अंगाला लावतात तसं खोबरेल. गावाहून यायचं ते घाण्याचं, शुद्ध. आम्हाला डोक्याला मोजून मिळायचं. चामड्याच्या गाद्यांना, टायरांना, आणि पुढचं झाकण उघडून इंजिनाभोवतीच्या रबरी नळ्यांना अण्णा ते बोटांनी चोळून चोळून जिरवायचे. "रबर कोरडं पडलं की तडकतं," ते म्हणायचे. मी बाळंतिणीच्या खोलीत बाळाला तेल लावताना पाहिलं होतं. तिथेही एवढी काळजी घेत नसत.

तेल झालं की इंजिन. घड्याळ समोर धरून पाच मिनिटं, जागच्या जागी. मग टायर एका बाजूने बसू नयेत म्हणून गाडी वाडीतून एकदा फिरवायची. पण चालवून नाही, ढकलून! वाडीतली चार माणसं ढकलायची आणि आत चाक धरायला मी, शालू, कारण घरात सगळ्यांत हलकी मी. ही बसण्या-न बसण्याच्या कायद्यातली पळवाट होती की काय ते मी कधी विचारलं नाही. वाडीच्या विहिरीपर्यंत पुढे आणि तिथून उलटी गॅरेजात. ती उलटी का, वळवून का नाही, हे मला फार उशिरा कळलं. पुढे गेलं की मीटरवरचा शेवटचा आकडा सरकायचा आणि मागे आलं की परत जागेवर यायचा. अण्णांना तो आकडा किशोरभाईंनी ठेवला तिथेच हवा होता. मी अकरा वर्षांची असल्यापासून मॅट्रिकपर्यंत दर शनिवारी गाडी 'चालवली' आणि मीटरच्या हिशेबाने मी कुठेच गेले नाही. हल्ली माझा नातू मोबाईलवर जुन्या गाड्यांच्या जाहिराती बघतो. "आजी, फार कमी चाललेली आहे, म्हणून महाग." मी म्हणते, अरे, कमी चालली म्हणजे तिचं काय झालं असेल ते आधी विचार. तो म्हणतो, तुला काय कळतंय. असू दे.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. वाडीतला दत्तू, बावीस-तेवीस वर्षांचा, छापखान्यातली नोकरी सांभाळून बाकी सगळा वेळ सभा आणि मोर्च्यांत असायचा. शनिवारी बेडकी ढकलायलाही पुढे तोच. पहाटे प्रभातफेरी निघाली की वाडीच्या तोंडाशी थांबून हाक मारायचा, "अण्णा, चला!" आणि अण्णा खाकी डगला चढवून निघायचे. तासभर 'झालाच पाहिजे' करून, आवाज बसवून परत यायचे, पेज प्यायचे आणि वाळकेश्वरला शेठाणीबाईंची गाडी काढायला जायचे. एकदा दत्तू म्हणाला, "अण्णा, एक दिवस ही गाडी द्या ना. कर्णा लावतो, गिरगावभर फिरवतो."

"गाडी माझी नाही."

"माहीत आहे हो कोणाची ते. म्हणूनच म्हणतो. सकाळी मुंबई आमची म्हणायचं आणि दुपारी त्यांच्याच गाडीची धूळ पुसायची, हे कसं काय?"

"सकाळी तुझ्याबरोबर येतो की नाही? ओरडतो की नाही? मग झालं. मुंबई आपली. गाडी त्यांची. यात न कळण्यासारखं काय आहे?"

दत्तूला ते कळलं नाही. मी मधेच विचारलं, "आणि अण्णा, खोली कोणाची?" अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुझा भूगोल झाला का वाचून?" मी भूगोल वाचायला गेले. पण प्रश्न डोक्यातून जाईना. मुंबई आमची होणार होती, त्यात गिरगाव होतं, गिरगावात वाडी, वाडीत ही खोली. मग आमची होणार होती तरी काय? मला खरंच समजत नव्हतं, आणि ज्यांना समजत होतं ते इतक्या मोठ्याने बोलत होते की विचारायची सोय नव्हती.

अशातच किशोरभाई परत आले. गिरगावातच शाळा शिकलेले, त्यामुळे मराठी आमच्यासारखीच. गॅरेजात आले, अण्णांनी एखाद्या नवऱ्या मुलीचा पदर सरकवावा तसं लुगड्याचं झाकण बाजूला केलं, आणि ते बघतच राहिले. "अण्णा! मी सोडून गेलो त्याहून नवी दिसते ही!" अण्णांचे कान लाल झाले. किशोरभाई आत बसले, चाकावरून हात फिरवला, मीटरकडे बघून थबकले.

"हा आकडा असा कसा?"

"तुम्ही ठेवलात तिथेच आहे, शेठ," अण्णा म्हणाले. हे वाक्य त्यांनी कितीतरी वर्षं मनात घोळवलं असणार.

"म्हणजे एकदाही चालवली नाही?"

"एकदाही नाही!"

"मला वाटलं होतं तुम्ही फिरवत असाल. शालूला, वहिनींना, चौपाटीला-बिपाटीला..."

"छे छे छे, शेठ! काहीतरीच काय!"

मी दोघांचे चेहरे बघत होते. अण्णा शाबासकीची वाट बघत होते आणि किशोरभाईंचा चेहरा, कसा सांगू, परक्या घरी जेवायला बसवून कोणी नुसतंच बघत राहावं तसा झाला होता. मग ते म्हणाले, "बरं, रविवारी दादरपर्यंत जाऊन येऊ. बघू कशी पळते." त्या रविवारपर्यंत घरात दुसरा विषय नव्हता. गाडी पळाली तर ते ठेवणार. ठेवली तर ती या गॅरेजात राहणार, आणि ती राहिली तर आम्ही राहणार. नाही पळाली तर काय, ते कोणी उच्चारलं नाही.

रविवारी सकाळी निघायच्या वेळी अण्णा म्हणाले, "शालूला घेऊ या, शेठ. ही गाडी तिच्याशिवाय कधी हललेली नाही." किशोरभाई हसले, पण अण्णा हसत नव्हते. दोन जागांच्या मागे सामानासाठी अरुंद फळी होती, तिच्यावर मी पाय दुमडून बसले. गाडी वाडीच्या बाहेर पडली आणि मी चक्क घाबरले. इतकी वर्षं जी विहिरीपाशी थांबायची ती थांबेचना! लॅमिंग्टन रोड, भायखळा, वारा कानात भरलेला, अण्णा दोन्ही हातांनी गुडघे धरून मीटरकडे बघत बसलेले. लालबागच्या जवळ पुढून फस्स असा आवाज आला, पांढरी वाफ उठली आणि बेडकी थांबली.

आणि समोरून मोर्चा येत होता. गिरणगावातला मोर्चा म्हणजे काय ते ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. रस्त्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत माणसं. झेंडे, घोषणा. त्यांच्या वाटेत मधोमध वाफ सोडणारी हिरवी विलायती गाडी, त्यात डोळ्यांना काळा चष्मा लावलेला गुजराती शेठ, खाकी डगल्यातला ड्रायव्हर आणि मागे दोन वेण्यांची मी. आम्हाला गराडा पडला. कोणीतरी बॉनेटवर थाप मारून विचारलं, "गाडी कोणाची रे?"

किशोरभाई बोलेनात. बोलले असते तर नाव विचारलं असतं. अण्णांनी आयुष्यात दुसऱ्याच्या वस्तूला आपली म्हटलं नव्हतं. त्यांचा ओठ हलला आणि तसाच राहिला. मी फळीवरूनच ओरडले, "आमची!"

असा हशा पिकला म्हणता! "तुमची? अरे वा! शेठाणी!" एक म्हातारा गिरणीकामगार अण्णांच्या डगल्याकडे बघत म्हणाला, "तुमचो गाव खंयचो?" अण्णांना वाचा फुटली. "कुडाळ." "मगे ढकला रे, कुडाळकरांची गाडी आसा!" झालं. पंधरा-वीस जणांनी गाडीचं तोंड फिरवलं आणि मागून भिडले. अण्णा मला म्हणाले, "शालू, तू चाकावर बस." बाकी काही कळत नसलं तरी ढकलत्या गाडीचं चाक कोणी धरायचं ते त्यांना कळत होतं. मी पुढे आले. किशोरभाई खाली उतरून मागे ढकलायला लागले. आरशात मला दिसत होतं, चष्मा खिशात घातलेला, रेशमी शर्ट घामाने चिकटलेला, आणि दोन्ही बाजूंची माणसं घोषणेला हात उंचावायची तेव्हा तेही इकडेतिकडे बघून पुटपुटायचे, "झालाच पाहिजे." मामांच्या चाळीच्या बोळात गाडी लावेपर्यंत आम्ही तसे गेलो. मोर्च्याच्या तोंडाशी मी! हसावं की रडावं मला कळेना.

माणसं पांगल्यावर अण्णा मला एवढंच म्हणाले, "आमची का म्हणालीस?" रागाने नव्हे. खरंच विचारत होते. किशोरभाईच मधे पडले, "बरोबर म्हणाली, अण्णा. नाहीतर माझं काय झालं असतं?" काही झालं नसतं, असं आज मला वाटतं. त्या माणसांनी गाडी तशीही ढकलली असती. पण हे मी आज घरात बसून म्हणते.

दुसऱ्या दिवशी लॅमिंग्टन रोडच्या मिस्त्रीने फुटलेली नळी हातात धरून दाबली तर ती शिळ्या भाकरीच्या लगद्यासारखी चिरडली. "रबराला तेल कोणी लावलं?" त्याने विचारलं.

"मी," अण्णा म्हणाले. "खोबरेल. दर शनिवारी. घाण्याचं."

"तेलाने रबर कुजतं हो. आणि पाच मिनिटं उभ्या उभ्या चालवून इंजिन काय गरम होणार? आत नुसतं पाणी धरलंय. गाडी पळायला पाहिजे. घरात ठेवून ठेवून मारलीत तुम्ही."

अण्णा घरी आले, जेवायला बसले आणि भात कालवून तसेच बसून राहिले. "मी तिला एक ओरखडा येऊ दिला नाही," ते म्हणाले. "मग मी काय केलं?" आई म्हणाली, "माका काय कळना नाय तुमच्या गाडयेतला. जेवा आधी." मला त्यांचा इतका कळवळा आला की मी ताट घेऊन बाहेर गेले. एखाद्याने चुकून वाईट केलं तर माणूस समजूत घालतो. यांनी तर सगळं चांगलंच केलं होतं. त्यांची समजूत कशी घालायची?

आठवड्याने किशोरभाई आले. त्यांचं लग्न ठरलं होतं, बेडकी त्यांना नको होती, चार माणसांची गाडी हवी होती. गॅरेज आणि मागची खोली मिळून कुणा व्यापाऱ्याला गोदामासाठी द्यायचं त्यांच्या घरात ठरलं होतं. ते मान खाली घालून बोलत होते. "पण घाई नाही, अण्णा. गाडी नीट होऊन विकली जाईपर्यंत राहा. नळ्या-बिळ्या बदलून झाल्यात. मिस्त्री म्हणतो, रोज वीस-पंचवीस मैल पळवली तर दोन-तीन महिन्यांत ठणठणीत होईल. ते तुम्हीच करा. सकाळी, ड्यूटीच्या आधी. वहिनींना घ्या, शालूला घ्या. आता तरी बसा तिच्यात."

ते गेल्यावर आईच पहिली बोलली. "म्हणजे बेडकी बरी झाली की इकतले. आणि तिका बरी कोण करतलो? तुमीच." मग आवाज उतरवून, "एखादी नळी सैल ठेवल्यात तर कोणाक कळतला?"

"माका कळतला," अण्णा म्हणाले.

दोन दिवस ते गाडी सुरू करायला धजले नाहीत. गॅरेजात जायचे, पुसायचे, परत यायचे. तेल लावायचं नाही, ढकलायचं नाही, तर करायचं काय? आणि चालवायची तर कशासाठी, आपण घराबाहेर पडावं म्हणून? तिसऱ्या दिवशी सकाळी इंजिनाचा आवाज आला. ते मला आणि आईला हाक मारत होते. "चला. हुकूम आहे."

आई आधी येईना. मग आली ती खोप्यात अबोलीचा वळेसर माळून, देवळात निघाल्यासारखी. पुढे बसली, डोळे घट्ट मिटले आणि चौपाटीपर्यंत "अगो बाय माझ्ये" याखेरीज काही बोलली नाही. चौथ्या दिवशी तिने डोळे उघडले. पंधराव्या दिवशी ती सांगायला लागली, "आज वरळीक जाऊया. काल हँगिंग गार्डन झाला." वाऱ्याने पदर उडायचा, तो दाताखाली धरून ती हसायची. मी आईला तसं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही फार नाही. अण्णा सुरुवातीला गाडी शेठाणीबाईंना घेऊन चालल्यासारखी चालवायचे. हळूहळू त्यांचा हात सुटला. मीटरचे आकडे भराभर पळायचे आणि ते मला ओरडून सांगायचे, "बघ, बघ गो, पळतत बघ!" अँटॉप हिलकडे तेव्हा रस्ता मोकळा असायचा. तिथे त्यांनी मला चाकावर बसवलं, चालत्या गाडीच्या. (पुढे नोकरी लागल्यावर मला त्याच टेकडीवर सरकारी वसाहतीत घर मिळालं. तेही निवृत्तीच्या वेळी सोडावं लागलं. घरांचं आणि माझं काहीतरी असंच आहे.) परत येताना गिरगावात नाक्यावरून गरम कांदाभजी घ्यायची आणि गाडीतच खायची, तेलकट हात गादीला पुसू नये म्हणून वर धरून. त्या दोन-तीन महिन्यांत आम्ही तिघं जितकी सुखात होतो तितकी कधी नव्हतो. आणि बेडकी दिवसेंदिवस सुधारत होती. चढावर दमायची ती दमेनाशी झाली. अण्णा खूश, की लगेच आईकडे बघून गप्प. आई म्हणायची, "बरी पळाली आज." मग तीही गप्प. कशाचा आनंद करायचा नि कशाचं दुःख, तिघांनाही उमगत नव्हतं.

त्यातच महाराष्ट्र झाला, मुंबईसह. वाडीत दिव्यांच्या माळा, सनई, दत्तू प्रत्येकाच्या तोंडात पेढा कोंबत फिरत होता. गुलालाने माखलेला तो अण्णांकडे आला, आणि अण्णा स्वतःहूनच म्हणाले, "चल, बस. उभा राहा पाहिजे तर." "अहो, पण गाडी शेठची ना?" "रोज चालवा म्हणालेत. कुठे चालवा ते नाही सांगितलं." दत्तू बेडकीत झेंडा धरून उभा, अण्णा चाकावर, मागे अख्खी वाडी नाचतेय. आई दारात उभी राहून बघत होती. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "मुंबय गावली. आता खोली जातली."

पुढच्याच महिन्यात गिऱ्हाईक आलं. माहीमचे एक पारशी डॉक्टर, गाड्यांचे शौकीन. रविवारी सकाळी येतो म्हणून निरोप आला तसं आईने मला न्हाणीच्या आडोशाला बोलावून सांगितलं, तिने गावाकडच्या वेतोबाला केळ्यांच्या घडाचा नवस बोलला होता. गाडी आज सुरू होऊ नये म्हणून. एक दिवस, फक्त आज. गिऱ्हाईक परत गेलं की पुन्हा पाऊसभर तरी कोणी येणार नाही, असा तिचा हिशेब. मी पण हात जोडले. मग बाहेर आले तर अण्णा गाडीशी उभे, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. मला बघून ओशाळले. "वेतोबाला सांगत होतो," ते म्हणाले. "पहिल्या दमात सुरू होऊ दे. पाच नारळ." म्हणजे आता त्या देवाने काय करायचं होतं? मी तिथेच मधे उभी राहिले. या बाजूला आई, त्या बाजूला अण्णा, आणि मला खरोखर कळेना मी कोणाच्या नवसात आहे.

डॉक्टर आले. उंच, गोरे, स्वभावाने गोड. किशोरभाई बरोबर होते. डॉक्टरांनी टायर दाबून पाहिले, झाकण उघडून पाहिलं आणि अण्णांना विचारलं, "काय प्रॉब्लेम हाय काय? खरं सांग हां." आईने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. काहीही सांगता आलं असतं. चढावर गरम होते. थंडीत रुसते. डॉक्टरांना ही गाडी नवीनच होती, विश्वास ठेवला असता.

"होता," अण्णा म्हणाले. "माझ्यामुळे होता. आता नाही."

मग ते आत बसले आणि त्यांनी चावी फिरवून बटण दाबलं. बेडकी एकदाही खोकली नाही. पहिल्याच दमात असा स्वच्छ, भरदार, गोल आवाज निघाला की वाडीतली माणसं गॅलरीत आली. डॉक्टर "वाह!" म्हणाले. किशोरभाईंनी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला, पण अण्णांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी आमच्याकडे वळून पाहिलं. त्यांचा चेहरा परीक्षेत पहिल्या आलेल्या पोरासारखा फुलला होता. त्या क्षणी ते सगळं विसरले होते, खोली, गोदाम, लालबाग, सगळं.

"ऐकलंस?" ते आईला म्हणाले, इंजिनाच्या वर आवाज चढवून. "ऐकलंस गो?"

आईने माझा हात सोडला. पदराने डोळे पुसले आणि तितक्याच मोठ्याने म्हणाली, "ऐकलंय! बरो इलो आवाज!" आणि मग ती आत गेली आणि भांडी पोत्यात भरायला लागली.